जमील विणकराचा जपानी बेंजो

बेचाळिसाव्या वर्षी जमीलने जपानी बेंजो विकत घेतला आणि जुन्या नाशकातल्या त्याच्या मोहल्ल्याला दोन दिवस दुसरा विषय उरला नाही. बेंजो म्हणजे हातभर लांबीची लाकडी पेटी, तिच्यावर काही जाड काही बारीक तारा, आणि तारांवर टंकयंत्रासारखी गोल बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. सायकलींच्या दुकानात तो लहान मुलांच्या खेळण्यांशेजारी मांडून ठेवला होता, यावरून त्याची लायकी ओळखावी. रंग हाताला लागे. तीन बटणं एकदा दाबली की वर यायचं विसरत. त्यांना जमीलने मागाचं तेल पाजून वठणीवर आणलं. बायको बिलकिस त्याला बेंजो म्हणतच नसे, सवत म्हणे.

"पाणी भरायला सांगितलं की यांची कंबर धरते," ती शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "आणि सवतीपुढे दोन-दोन तास मांडी मोडत नाही."

लोक म्हणाले, म्हातारचळ लागला. म्हणू देत. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? खरं कारण जमीलने बिलकिसलाही सांगितलं नव्हतं. त्याचे डोळे जात होते.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हे चष्म्याचं काम नाही, आणखी वर्षभर दिसेल, फार तर. जमीलने ते ऐकलं आणि वाटेत कुठेही न थांबता पुन्हा मागावर येऊन बसला. हाजीसाहेबांच्या कारखान्यात आठ हातमाग. ताण्याचे शेकडो धागे समोर पसरलेले असतात, त्यातला एक तुटला तर तो शोधून, गाठ मारून पुढे जायचं. तुटलेला धागा ज्याला दिसत नाही त्याचं लुगडं बाजारात जात नाही, आणि ज्याचं लुगडं जात नाही त्याच्या मागावर दुसरा माणूस बसतो. जमीलला हे दहाव्या वर्षापासून ठाऊक होतं.

म्हणून बेंजो. मोहल्ल्यातल्या निजामभाईंची कव्वालीची पार्टी उरुसांना, लग्नांना पार सटाण्या-कळवणपर्यंत जायची. त्यांचा बेंजोवाला बोलपटाच्या नादाने मुंबईला पळाला होता. जमीलने हिशोब मांडला: बेंजोला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात, आणि बोटं तर शाबूत आहेत. कुणाकडे शिकायला जावं तर तो विचारणार, या वयात हे कशाला? उत्तर द्यावं लागणार. त्यापेक्षा एकटंच बसलेलं बरं. आठ महिने तो दाराला कडी लावून बसला, एकच कव्वालीची चाल घोटत. आणि या आठ महिन्यांत त्याच्या कापडात एकही खोट निघाली नाही. त्याला वाटे, अल्लाने डोळ्यांचं काम बोटांना दिलं. त्याचा त्याला अभिमानही वाटू लागला होता.

शेवटी धीर करून त्याने निजामभाईंना गाठलं. निजामभाई म्हणाले, "जुम्मेरातीला दुपारची नमाज झाली की अंगणात ये. आमच्याबरोबर वाजव. जमलं तर पुढच्या महिन्यात सटाण्याच्या उरुसाला चल."

गुरुवारी जमील अंगणात पोचला. हार्मोनियमच्या पेटीवर सलीम बसला होता. हा सलीम कारखान्यात त्याच्या शेजारच्याच मागावरचा, दहा वर्षांनी लहान, डोळ्यांनी घारीसारखा. जमीलला त्याचीच धास्ती होती. बटणं चाचपताना आपण मान वाकडी करतो हे याने पाहिलं तर? उद्या कारखान्यात बोभाटा व्हायला वेळ लागणार नाही. त्याने मान ताठ ठेवली आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसला.

"सूर दे," निजामभाई म्हणाले.

सलीमने पेटीवर सूर धरला. जमीलने नखी फिरवली. अंगणातला ढोलकवाला आधी खोकला, मग त्याने तोंडाला रुमाल लावला. जमील थांबला नाही; थांबलो तर मेलो, असं त्याच्या मनात होतं. बोटं बिनचूक पडत होती, त्याला पक्कं ठाऊक होतं. मग सलीमची पेटीच अशी बेसूर का वाजतेय? त्याला खरंच वाटलं की पेटी बिघडली आहे.

"बस, बस!" निजामभाईंनी हात वर केला. "अरे, तारा कुणी लावल्या या?"

"मीच लावल्या. सगळ्या सारख्या आहेत. दाबून बघा."

सलीमने पुढे येऊन एकेक तार बोटाने दाबून पाहिली आणि कपाळाला हात लावला. "सारख्या आहेत खऱ्या! एकीतही केसभर ढील नाही. अहो जमीलभाई, हा ताणा आहे का? ताण्यातलं सूत एका जाडीचं असतं. इथे एक तार जाड, एक बारीक. सगळ्या एकसारख्या ताणल्या तर प्रत्येक आपलं वेगळंच बोलणार. इथे बोटाला विचारायचं नसतं, कानाला विचारायचं."

बत्तीस वर्षं जमीलने ताणा बोटाने दाबून पाहिला होता. ढिला धागा म्हणजे कापडाचा सत्यानाश, हे त्याच्या हाडांत मुरलेलं. तार दिसली की त्याचं बोट आपोआप तिच्यावर जाई. कानाला कुणी विचारतच नसे. आणि आठ महिने तो वाकडा आवाज ऐकून ऐकून त्याला तोच सरळ वाटू लागला होता.

सलीमने खुंट्या पिळून तारा पेटीशी मिळवून दिल्या. "आता वाजवा."

जमीलने चाल सुरू केली. बोटं तीच, बटणं तीच, पण आवाज परक्याच्या घरातला. दुसऱ्या ओळीवर तो गडबडून थांबला.

"थांबलास का? बरोबर होतं," निजामभाई म्हणाले.

"मला वाटलं, चुकलं."

निजामभाईंनी सुस्कारा सोडला. "हात बरा आहे तुझा. कान कच्चा आहे. वर्षभर रोज सलीमच्या पेटीपाशी बस. सटाण्याला पुढच्या साली बघू."

"साल नाही माझ्याकडे," जमील म्हणाला. आवाज नको तितका मोठा निघाला. मग लपवायला काही उरलंच नाही. "नजर जातेय. डॉक्टरांनी वर्षाची मुदत दिली होती, त्यातले आठ महिने गेले. आत्ता समोरचा रुमाल दिसतो, तो कुणाच्या हातात आहे ते दिसत नाही."

ढोलकवाल्याने रुमाल खिशात घातला. जमील सलीमकडे वळला. "जा, सांग कारखान्यात."

"कारखान्यात काय सांगू?" सलीम खाली मान घालून पेटीचा भाता बंद करत होता. "तुम्ही नमाजेला उठलात की तुमच्या मागावर मीच बसतो. चुकलेलं उसवतो, तुटलेलं जोडतो. पावसाळ्यापासून चाललंय."

जमीलला आधी राग आला, सलीमची गचांडी धरावी इतका. मग लाज. बोटांचा तो सगळा अभिमान, आणि खाली गाठी दुसऱ्याच्या!

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सांगितलंत का?"

जमीलने बेंजो उचलून काखेत मारला.

"उद्या येतोस ना?" निजामभाईंनी विचारलं.

"येतो. रोज येतो. वर्षभर येतो."

पण तो घरी गेला नाही. भिंतीच्या कडेकडेने हाजीसाहेबांच्या ओसरीवर गेला. मागे सलीम धावत येत होता, "जमीलभाई, एवढा हंगाम तरी जाऊ द्या, मी आहे ना!" असं दबक्या आवाजात विनवत होता. जमीलने ऐकलं नाही. दोन माग एका माणसाने किती दिवस ओढायचे?

"हाजीसाहेब, उद्यापासून माझ्या मागावर दुसरा माणूस बसवा. मला दिसत नाही."

हाजीसाहेबांना थट्टा वाटली. "काहीतरीच काय! आठ मागांत सगळ्यात साफ कापड तुझं येतंय."

"त्यातलं साफ ते सलीमचं आहे," जमील म्हणाला, आणि बिलकिसला सांगायला घराकडे निघाला.