पाऊणपट

आमच्या ह्यांनी बत्तीस वर्षं मालवाहू बोटींच्या इंजिनरूममध्ये काढली. नऊ महिने पाण्यावर, तीन महिने घरी, असा आमचा संसार. त्यामुळे कायमचे घरी आल्यावर हा माणूस निदान पाण्याकडे पाठ करून बसेल, अशी माझी भाबडी समजूत होती. दोन वर्षं बसलेही. माडांची आळी केली, पंपाची मोटर तीनदा उघडून तीनदा बंद केली, माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर रंगानं नंबर घातले आणि कुठल्या नंबरात काय आहे त्याची यादी फडताळाच्या दाराला आतून चिकटवली. मग एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "अगो, आपण होडी घेऊन केरळात जायाचं."

मी म्हटलं, "चहा निवतोय."

पण नकाशा आधीच आणून ठेवलेला होता. होडी टेम्पोवर चढवायची, महामार्गानं थेट खाली न्यायची आणि तिथून कालव्याकालव्यानं, मधली मोठाली सरोवरं ओलांडत कोल्लमपर्यंत जायचं. दोघांनीच. चाळीस दिवस. रोज थोडं अंतर कापायचं, काठाला होडी बांधायची, भात शिजवायचा, झोपायचं. पौष-माघात आमच्या भाट्याच्या खाडीवर पहाटे जो गार वारा सुटतो, त्यानं ह्यांची बोटं पांढरीफटक पडतात. इंजिनाच्या थरथरीत इतकी वर्षं हात राहिल्याचा तो प्रसाद. केरळात माघातसुद्धा पाणी कोमट असतं, बोटं सुखी राहतील, असं त्यांचं म्हणणं.

"मग समुद्रानंच का न्हाय जायाचं?" मी विचारलं. "टेम्पो कशाला? तुमी तर सगळी दुनया पालथी घातलाव."

"कालव्याचं पाणी गप असतं," ते म्हणाले. "भरती न्हाय, सुकती न्हाय. हाय तितंच."

मला राग आला. येणारच. मी म्हटलं, "सगळे समुद्र तुमी एकट्यानं फिरलाव, नि माझ्या वाट्याला पाण्याचा पाट!"

ते हसले आणि नकाशाची घडी घालू लागले. एरवी उत्तराला उत्तर देणारा माणूस गप्प बसला, हे खरं तर मी तेव्हाच ध्यानात घ्यायला हवं होतं.

होडी मिळाली पावसच्या बाजूला, एका आंब्याच्या बागेत. कितीतरी वर्षं माडाच्या झापांखाली पडून होती. लाकूड इतकं सुकलेलं की फळ्यांच्या फटींतून पलीकडचं कलम दिसत होतं. राजिवड्याहून एक म्हातारे चाचा आले, त्यांनी गणपतीनंतरचा अख्खा महिना बसून फटीफटीत कापूस ठोकला. वरून लावायला काजूच्या टरफलांचं तेल हवं होतं, ते मी लांज्याहून काजूच्या कारखान्यातून आणलं. ते तेल बिब्यासारखं, लागलं तिथे फोड. माझ्या उजव्या मनगटावर अजून त्याचा डाग आहे. मग होडीत दगड भरून ती आठ दिवस खाडीत उथळ पाण्यात बुडवून ठेवली, म्हणजे फळ्या पाणी पिऊन फुगतात आणि फटी मिटतात. माझं माहेरही खाडीकाठचंच, मला त्यात नवल नव्हतं. पण हे रोज सकाळी जाऊन त्या बुडालेल्या होडीकडे बघत उभे राहायचे. हाक मारली तर दोन-दोनदा मारावी लागायची.

दिवाळीत वही सुरू झाली. नवीन वर्षाचं कॅलेंडर शेजारी आणि जाड पुठ्ठ्याची वही पुढ्यात. रकाने आखलेले: दिवस, तिथी, मुक्काम, अंतर, जेवण, गोळ्या, आणि सगळ्यांत शेवटी भरती.

इथे सांगायला हवं की आमच्याकडे भरतीची वेळ काढायला कुणी तक्ता बघत नाही. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारचे पाऊण तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी साधारण तीनला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा झाली की पुन्हा एकपासून मोजायचं. दर्यावर जाणारी माणसं भरती मोजतात, कारण त्यांना होडी काढायची असते. आम्ही बायका त्यातून सहा तास वजा करतो, कारण आम्हाला सुकतीला गाळात उतरून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचायच्या असतात. मी आईच्या मागून टोपली घेऊन जाताना हे शिकले. ह्यांना कधी सांगितलं नाही. सांगण्याची वेळच आली नाही. पाणी त्यांचं खातं होतं, आणि माझ्या खात्यात ते नाक खुपसतात म्हणून मी त्यांच्या खात्यात खुपसावं, असं मला कधी वाटलं नाही.

त्याच दिवाळीत एकदा मी मागच्या दारी होते आणि हे स्वयंपाकघरात चहाला साखर काढत होते. बराच वेळ झाला तरी चमचा वाजेना, म्हणून आत डोकावले. हे फडताळाचं दार उघडून यादीसमोर उभे होते. यादीवर बोट ठेवून डब्यांकडे बघायचे, पुन्हा यादीकडे. चिकटवली तेव्हा ही यादी मला ह्यांची शिस्त वाटली होती. ती कशासाठी होती ते मला त्या दिवशी कळलं, आणि मी पाय न वाजवता मागे सरले.

डॉक्टरचं नाव काढलं की ते वही उघडत. मीही मग काढेनाशी झाले. मला चाळीस दिवस हवे होते. बत्तीस वर्षं मी ह्या माणसाच्या परत येण्याची वाट पाहिली, आणि आता समोर बसलेला असताना तो पुन्हा कुठेतरी निघाला होता. निदान ही सफर होईस्तोवर ह्यांनी आहेत तसे राहावं, एवढंच मी मागत होते. गजाननाकडे मागत होते आणि ह्यांच्यासमोर मात्र टेम्पोवाल्याशी भांडत होते.

निघायचं ठरलं माघ शुद्ध एकादशीला. त्याआधी सराव म्हणून पौषातल्या एका सकाळी होडी खाडीतून आत सोमेश्वरच्या बाजूला न्यायची आणि दुपारच्या आत परत यायचं असं ठरलं. "साडेसातला भरती," वही बघून हे म्हणाले. "सहाला सोडू. चढत्या पाण्यावर जाऊ नि उतरत्या पाण्यावर येऊ."

सहाला इंजिन लावून सोडली. गार वारा होता, मी शाल डोक्यावरून घेतली होती. उजाडता उजाडता माझं लक्ष काठच्या कांदळवनाच्या मुळांकडे गेलं. मुळांवर चिखलाची ओली रेघ होती, आणि ती पाण्याच्या चांगली वीतभर वर होती. पाणी चढत असतं तर रेघ पाण्याखाली गेली असती. म्हणजे पाणी उतरत होतं. मला हे दिसलं, कळलं, आणि मी गप्प बसले. पाण्यावर ह्यांना काही सांगायचं असतं हे माझ्या जिभेला ठाऊकच नव्हतं.

साडेसातच्या सुमाराला होडी खालून घासली, एकदा हलली आणि थांबली. ह्यांनी इंजिन जोरात केलं तसा काळा गाळ उसळला. मग इंजिन बंद केलं. बांबूनं रेटून पाहिलं, बांबू हातभर आत गेला. बघता बघता दोन्ही बाजूंचं पाणी सरकत लांब गेलं आणि आम्ही गाळाच्या मधोमध, किंचित कलंडलेल्या होडीत, समोरासमोर बसून राहिलो. उतरून चालत जायची सोय नाही, मांडीभर रुततं. पाणी परत येईपर्यंत बसणं आलं.

थोड्या वेळानं काठाच्या कडक भागातून तिसऱ्यांना बायका उतरल्या. त्यांतली एक आमच्या वाडीतली. ती लांबूनच ओरडली, "काय वो वैनी, केरळ आला काय?" सगळ्या खो खो हसल्या. हेही हसले. मी मात्र भडकले. त्यांच्यावर भडकता येत नव्हतं, म्हणून ह्यांच्यावर.

"परवा संकष्टी सोडली मी," मी म्हटलं. "चंद्र उगवेपर्यंत तुमीपण माझ्यासंगती उपाशी बसलाव. परवा चतुर्थी, म्हणजे आज षष्ठी. सहाचे पाऊण साडेचार. भरती पहाटे साडेचारलाच झाली. साडेसात कुठनं काढलाव तुमी?"

ह्यांनी वही उघडली. पहिल्या पानावर सरावाच्या दिवसासमोर दशमी लिहिलेली होती. मग त्यांनी अंगठा बोटाच्या पेरांवर ठेवून मोजायला सुरुवात केली. ओठ हलत होते. चारपर्यंत आले, थांबले, पुन्हा पहिल्या पेरावर गेले. पुन्हा चारपर्यंत आले. बोटं थंडीनं पांढरी पडलेली. ते बघितलं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. मी पुढे सरकून ते दोन्ही हात माझ्या शालीत घेतले. मला रडू येत होतं, पण बायका बघत होत्या.

"म्हणून कालवा," हे म्हणाले.

मी शाल त्यांच्या हातांवर घट्ट गुंडाळली.

"दर्यात भरती चुकली तर तू परत येणार न्हायस. खाडीत चुकली तर हे असं. कालव्यात माझं कायपण चुकू दे. पाणी हाय तितंच ऱ्हाणार, नि तू हायस तितंच." मग म्हणाले, "तुला पाट दिला म्हणून रागावलीस. मला ठावं होतं. सांगायला तोंड झालं न्हाय."

इतक्या वर्षांत मला ह्या माणसानं परदेशातून साबण आणले, टॉर्च आणले, एकदा घड्याळ आणलं. एवढं मोठं काही कधी दिलं नव्हतं. आणि मी त्याला पाट म्हटलं होतं.

मग मी विचारलं, "कालव्याला भरती न्हाय, तर मग वहीत चाळीस दिवस भरतीचा रकाना कशाला?"

"ती आपल्या खाडीची. तितं बसून रोज हितली भरती काढायची. जंवर येते तंवर मी हाय, असं समजायाचं."

दोनच्या सुमाराला पाणी होडीखाली आलं. फळ्या आधी कुरकुरल्या, मग होडी सरळ झाली. हे उठले, पण मागे सुकाणूकडे गेले नाहीत. बांबू घेऊन पुढच्या टोकाला, नाळेवर जाऊन उभे राहिले. मी सुकाणू धरलं. सगळ्या वाटेवर ते पाण्याची खोली सांगत होते, डावीकडे घे, उजवीकडे घे, आणि त्यांचं एकही सांगणं चुकलं नाही. बांबू त्यांच्या हाताला अजून ओळखत होता.

कलंडलेल्या होडीत वही तळाच्या पाण्यात भिजली होती. दुसऱ्या दिवशी मी ती ओट्यावर उन्हात घेऊन बसले. पानं एकमेकांना चिकटलेली, एकेक सुटी करत, वाळवत चालले होते. शेजारी कॅलेंडर घेतलं आणि मन घट्ट करून प्रत्येक दिवसाची पाऊणपट ताडून पाहिली. पहिल्या बावीस दिवसांत नऊ चुकलेल्या होत्या. काही थोडक्यात, काही पार भलत्याच.

तेविसाव्या दिवशी आकडा नव्हता. त्या जागी लिहिलं होतं, "हिला विचारणे." त्याखाली चोविसाव्याला तेच. पंचविसाव्याला तेच. चाळिसाव्यापर्यंत प्रत्येक ओळीत, पूर्ण शब्दांत, एकदाही वरीलप्रमाणे अशी खूण न करता. शाई तीच, दिवाळीतली. म्हणजे गाळात मी तोंड उघडण्याच्या कितीतरी आधीची. मला पाऊणपट येते हे ह्यांना ठाऊक होतं. आपण कुठवर पुरू याचा अंदाज त्यांनी बांधला होता आणि पुढचं पाणी माझ्या नावावर करून ठेवलं होतं.

"वाळली काय गो वही?" आतून ह्यांनी विचारलं.

"वाळत्येय," मी म्हटलं. दोन दिवसांनी पुन्हा विचारतील हेही मला माहीत होतं, आणि तेव्हाही मी हेच सांगणार होते.

त्यांच्या नऊ चुका मी खोडल्या नाहीत. कालव्यात त्यानं काही बिघडत नाही. पेन्सिलीला टोक काढलं आणि तेविसाव्या दिवसावर आले. फाल्गुन शुद्ध तृतीया. तीनचे पाऊण सव्वादोन. ते मी त्यांच्या अक्षरांशेजारी लिहिलं आणि चोविसावा दिवस काढायला घेतला.