वादीत म्हटलेली अर्धी जपमाळ

त्या काळात माझी श्रद्धा कशी होती असं कुणी विचारलं, तर खरं उत्तर हेच की ती माझ्या नोकरीसारखी होती. दुबईच्या देरा भागातल्या एका हॉटेलात मी हाउसकीपिंग सुपरवायझर होते. चादरीला सुरकुती आहे का, टॉवेलची घडी नीट आहे का, बेसिनमध्ये केस राहिला का, हे दिवसभर बघायचं आणि घरी येऊन संध्याकाळची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थनाही, त्याच नजरेने तपासायची. आमच्या वसईच्या घरी चालत आलेली पद्धत मी दुबईतही सोडली नव्हती. एकाने प्रत्येक ‘नमो मारिया’चा पहिला अर्धा भाग म्हणायचा आणि बाकीच्यांनी उरलेला अर्धा. पहिला भाग अर्थातच माझा. उत्तरात मुलीचा आवाज आला नाही, की मी दहा मण्यांचा तो फेरा पुन्हा पहिल्यापासून धरायचे. देव ऐकतोय की नाही याची मला खात्री नव्हती, पण मुलगी म्हणतेय की नाही यावर माझं बारीक लक्ष असे.

मुलगी म्हणजे शेरल, आमची एकुलती एक, तेव्हा तेरा वर्षांची. जन्म इथला, शाळाही दुबईतलीच, ऊद मेथाची. मराठी तिला सगळं समजायचं, पण बोलायची इंग्लिशमध्येच. त्या वर्षी तर तेही कमी झालं. कानात वॉकमन आणि खोलीचं दार बंद. पोर हातातून निसटत चाललीय या विचाराने मला झोप लागेना. त्यावर माझ्यासारख्या बाईला सुचणार तोच उपाय सुचला: जूनपासून तिला वसईला माझ्या बहिणीकडे ठेवायचं आणि तिथल्याच शाळेत घालायचं. माझा नवरा पास्कल म्हणाला, थोडं थांबून बघू. थांबून कधी कुणाचं काही झालंय का, असं मी त्याला विचारलं आणि तो विषय तिथेच संपवला.

ईदच्या तीन दिवसांच्या सुट्टीत पास्कलनेच बेत ठरवला. इतकी वर्षं इथे राहून आम्ही मॉल आणि चर्च सोडून काही पाहिलं नव्हतं. गाडीने वाळवंट ओलांडून डोंगरात जायचं, वादीतून, म्हणजे डोंगरांमधल्या कोरड्या नदीपात्रातून, पायी भटकायचं आणि शेवटी खोर फक्कानच्या समुद्रावर मुक्काम करायचा. मी डबाभर फुगे, म्हणजे आमच्या वसईकडचे मैद्याचे गोळे, तळून घेतले. पहिला दिवस छान गेला. लाल वाळूच्या टेकडीवरून शेरल दोनदा घसरत खाली आली आणि चक्क हसली. तेवढ्यावर मी गप्प राहायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, मसाफी गावाच्या पुढे, मी पुढच्या सीटवरून मागे वळून तिला सांगून टाकलं.

“जूनपासून तू वसईला मावशीकडे राहणार आहेस.”

“यू ऑलरेडी डिसायडेड?”

“हो. तिथे चार माणसांत राहिलीस तर तोंड तरी उघडशील.”

“ओके,” एवढंच म्हणून ती खिडकीबाहेर बघू लागली.

“यार, सुट्टीत तरी नको ना हे सगळं,” पास्कल म्हणाला. मी तोंड फिरवलं.

वादीत उतरल्यावर ती आमच्या पुढे पुढे चालत राहिली. दोन्ही बाजूंना करड्या-तपकिरी डोंगराच्या भिंती, खाली गोटे, मधूनच एखादी बाभळ आणि कुठेतरी पाण्याचं हिरवं डबकं. प्रत्येक वळणावर तिची लाल टोपी दिसायची. मग एका वळणानंतर ती दिसली नाही. रुसून बसली असेल म्हणून आम्ही मुद्दामच हाका मारल्या नाहीत. पंधरा मिनिटांनी पाहिलं तर पुढे वादीला तीन फाटे फुटलेले, आणि तिन्हींमध्ये कुणी नव्हतं.

मग हाका सुरू झाल्या. ‘शेरल’ म्हणून ओरडलं की तेच नाव समोरून, मागून, डोक्यावरून परत यायचं. आपला आवाज कुठला आणि तिचा आला तर तो कुठला, काही कळेना. मोबाइलला रेंज नव्हती. पास्कल उजवीकडच्या फाट्यात पळाला, मी डावीकडच्या. परत आलो, जागा बदलल्या, पुन्हा पळालो. यात दोन तास गेले. चार वाजले होते आणि सूर्य कड्याच्या मागे जायला फार वेळ नव्हता. पळताना मी प्रार्थनाही करत होते, पण ती प्रार्थना कसली, मी देवाला ऑर्डरी सोडत होते. तिला आत्ता समोर आण. या वळणावर आण. नाहीतर मी पुन्हा तुझ्या दारात पाय ठेवणार नाही, असंही म्हटलं. आज ते लिहितानाही लाज वाटते.

मधल्या फाट्याच्या तोंडाशी मी ठेचकाळून पडले, तेव्हा वरच्या पायवाटेवरून एक म्हातारी बाई शेळ्या घेऊन उतरताना दिसली. इथल्या जुन्या बायका घालतात तसा चेहऱ्यावर चमकदार बुरखा, नुसते डोळे दिसत होते. मी हॉटेलात शिकलेल्या मोडक्या अरबीत, हात हलवून, ‘बिंत, बिंत’ म्हणत माझी मुलगी हरवल्याचं सांगितलं आणि पुन्हा ओरडायला तोंड उघडलं. तिने सरळ माझ्या तोंडावर हात ठेवला.

“इजलिसी,” ती म्हणाली. बस. आणि मी बसत नाही असं बघून तिने खांदा दाबून मला दगडावर बसवलं.

मग तिने चारी बाजूंच्या डोंगरांकडे बोट फिरवलं, कानाला हात लावला आणि मान हलवली; ओरडून दिशा कळत नाही, असं तिला म्हणायचं असावं. तिच्या दोन शेळ्या मागे राहिल्या होत्या. तिने खालच्या आवाजात, एका सुरात काहीतरी म्हटलं आणि गप्प झाली. पुन्हा तेच, पुन्हा गप्प. ती उठलीही नाही. थोड्या वेळाने कुठूनतरी बें-बें ऐकू आलं आणि दोन्ही शेळ्या दगडांवरून उतरत तिच्याजवळ आल्या. तिने माझ्याकडे बघून हाताने खूण केली: आता तू.

तसं एका सुरात, न थकता, थांबत थांबत म्हणता येईल असं माझ्यापाशी एकच होतं. मी नमो मारियाचा पहिला भाग म्हटला आणि थांबले. पास्कल धापा टाकत आला आणि सवयीने उत्तर द्यायला लागला. मी त्याचा हात धरून त्याला गप्प केलं. ती जागा शेरलची होती. मी पुन्हा पहिला भाग म्हटला आणि उत्तर म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ वाट पाहिली.

पहिला फेरा मी नुसता आवाज करत होते, हे कबूल करते. दुसऱ्या फेऱ्यात मी रडत होते. तिसऱ्यात केव्हातरी रडणं थांबलं. मी देवाला काही सांगत नव्हते, काही मागतही नव्हते. ती मुलगी माझी आहे त्याआधी तुझी आहे, एवढंच मनात होतं, आणि ते मी ठरवून आणलेलं नव्हतं. इतकी वर्षं रोझरी म्हणून मला जे जमलं नाही ते त्या दगडावर बसून झालं. म्हातारी शेजारी बसून होती. तिला शब्द कळत नव्हते, पण मी थांबले की तीही मान खाली घालून ऐकायची.

चौथ्या फेऱ्यात, मी थांबल्यावर, डावीकडून वरून एक घोगरा, बारीक आवाज आला.

“होली मेरी, मदर ऑफ गॉड...”

पास्कल पळत सुटणार होता. म्हातारीने त्याचा सदरा धरून ठेवला. मी आवाज चढवला नाही, फक्त पुढचा पहिला भाग म्हटला. पुन्हा इंग्लिशमधून उत्तर आलं, थोडं जवळून. माझं मराठी खालून आणि तिचं इंग्लिश वरून, असे आमचे वीसएक मणी तरी झाले असतील. मग कड्याच्या कडेला लाल टोपी दिसली आणि ती बसत, घसरत खाली आली. गुडघा सोलला होता, ओठ सुकले होते. मी तिला जवळ घेतलं तेव्हा ती इंग्लिशमध्ये रडत होती आणि मी मराठीत. फरक काही पडला नाही.

हाका तिला ऐकू येत होत्या, असं तिने मग सांगितलं. प्रत्येक वेळी ती आवाजाच्या दिशेने जायची आणि प्रत्येक वेळी दिशा चुकायची. शेवटी घाबरून एका बाभळीखाली बसली. मग एकाच बाजूने काहीतरी गुणगुणल्यासारखं येऊ लागलं आणि तिने ते ओळखलं.

“मग उत्तर द्यायला इतका वेळ का लावलास?” पास्कलने विचारलं.

“आय वॉज आन्सरिंग, डॅडी. फ्रॉम द बिगिनिंग. यू जस्ट कुडन्ट हिअर.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “इफ आय डोन्ट आन्सर, मम्मी स्टार्ट्स ऑल ओव्हर अगेन.”

म्हातारी कुठे नाहीशी वगैरे झाली नाही. तिने शेरलचा गुडघा पाण्याने धुतला, तिला अरबीत चांगलं दोन मिनिटं झापलं आणि मग आम्हाला आपल्या घरी नेऊन खजूर आणि कॉफी दिली. तिची सून थोडं हिंदी बोलायची. मी विचारलं, मी काय म्हणत होते ते अम्माला समजलं का? सुनेने विचारून सांगितलं, “बोलती है, माँ बुला रही थी. इसमें समझने का क्या है.”

संध्याकाळी आम्ही खोर फक्कानला समुद्रावर बसलो. मी शेरलला म्हटलं की जूनचं ते खलास, तू आमच्याजवळच राहणार. तिने विचारलं, फुगे उरलेत का. उरले होते. तिने सहा खाल्ले.

त्यानंतर ती एकदम बोलकी झाली असं नाही. दार बंदच असायचं, पण त्या बंद दाराची मला पूर्वीसारखी भीती वाटेनाशी झाली. त्या दुपारी माझी मुलगी पहिल्या मण्यापासून उत्तर देत होती आणि दगडधोंड्यांतून माझ्याकडे चालत येत होती. मला फक्त ते ऐकू येत नव्हतं. घरीही बहुधा असंच चाललं असेल, आणि देवाच्या बाबतीतही. तीस वेळा मला वाटलं की पलीकडे कुणी नाही. तीसही वेळा तिथे कुणीतरी होतं. परमेश्वराने त्या बाईला त्या पायवाटेवरून खाली आणलं आणि मला खांदा धरून बसवलं, याबद्दल मी त्याचे उपकार मरेपर्यंत विसरणार नाही.