हनुमंतरावांचा मका आणि परदेश

सावेडीत आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये हनुमंतराव राहतात. मक्याची दलाली करतात. या माणसाच्या पायाला भिंगरी आहे. चहाचा कप घेऊन जिन्यापर्यंत जातात, परत येतात, कप कुठे ठेवला तेच विसरतात. फोन कायम स्पीकरवर, त्यामुळे मका व्हिएतनामला निघाला की अडला, हे सगळ्या मजल्याला कळतं. माझी दुपारची झोप त्या मक्यानेच खाल्ली आहे.

एके काळी त्यांचा हिशेब सरळ होता. बिहारचा मका उन्हाळ्यात निघायचा आणि रेल्वेने बांगलादेशात जायचा. आपल्याकडचा ट्रकने न्हावाशेव्याला आणि तिथून बोटीने व्हिएतनाम, मलेशियाला. बिहारचा माल तिकडे गेला, की इकडे मागणी वाढून भाव चढायचा. म्हणून नेवाशाकडची त्यांची मका पिकवणारी नात्यागोत्यातली माणसं बाजारात चौकशीच करत नसत. हनुमंतराव ‘थांबा’ म्हणाले की थांबत, ‘सोडा’ म्हणाले की विकत. कागद नाही, सही नाही, नुसता शब्द. त्या शब्दाचा त्यांना फार अभिमान, आणि खरं सांगायचं तर तो खोटा नव्हता.

मग इथेनॉलचे कारखाने मका मागू लागले. देशातला भाव परदेशापेक्षा वर गेला आणि व्हिएतनामवाले दुसरीकडे वळले. पुढे तर उलटं बाहेरचाच मका बंदरात उतरू लागला. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! हनुमंतरावांना हे पचलंच नाही. ‘ही चार दिवसांची मौज हाय. बोटी परत लागनार,’ असं ते मला बजावत. मी मान डोलवायचो. वाद घालून अंगावर कोण घेणार?

गेल्या दिवाळीच्या आधी नेवाशाकडच्याच घोडेगावजवळच्या वस्तीवरून थोरल्या बहिणीने, रंगुबाईने मका विकू का असं विचारलं, तेव्हाही ते म्हणाले, ‘आक्का, चैत्रापर्यंत थांब.’ आणि बाहेरच्या मक्यामुळे भाव उतरत गेला. माणूस पार बेचैन झाला. रोज सकाळी बहिणीला फोन. साठवणीच्या जाळीतली कणसं कोरडी आहेत ना, सोंडे लागले का? ती म्हणायची, ‘बरी हायेत. तिकडं परदेशात काय चाललंय?’ की हे ब्राझील, युक्रेन, बिहार सगळं ऐकवत बसायचे. फोन ठेवला की पुन्हा येरझाऱ्या. जेवणावरची वासना उडाली. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही.

एका सकाळी पाटण्याच्या दलालाचा फोन आला. बिहारचा नवा मका यंदा बांगलादेशात जात नव्हता, रेल्वेने आपल्याचकडे येत होता. म्हणजे आता भाव चढणार नव्हता. शेवटी हनुमंतरावांनी बहिणीला फोन लावला.

‘आक्का, चुकलो मी. माज्यामुळं तुजं नुकसान झालं. इकून टाक मका, आजच.’

 पलीकडून रंगुबाई म्हणाली, ‘आरं, तो दिवाळीतच इकला. कारखान्याची गाडी दारात आल्ती. समद्या वस्तीनं इकला.’

‘समद्यांनी?’

‘व्हय. तुला वाईट वाटंल म्हनून कुनी बोललं न्हाई.’

मी दारात उभा होतो. त्यांच्या तोंडाकडे बघवेना. एवढी काळजी, आणि जाळीत एक कणीस नव्हतं.

‘मंग रोज कनसं बरी हायेत म्हनून का सांगत हुतीस?’ ते चिडूनच ओरडले.

‘खरं सांगितलं असतं तर तुजा फोन आला असता का, हनुमंता?’

त्यांचा राग कुठल्या कुठे गेला.

‘उद्या करशील ना?’ तिने विचारलं.

‘व्हय, करीन की,’ ते म्हणाले, पण फोन ठेवला नाही. तीही फोन धरून थांबली होती. भाव सोडून बहिणीला दुसरं काय विचारायचं, हे त्यांना काही केल्या सुचेना.