जमादाराच्या इलेक्शनला अब्बांनी दाखवलेला कागद

माझ्या अब्बांची पोलिसातली नोकरी निष्कलंक नव्हती.

फॅमिली ग्रुपवर सकाळी ज्याने फुलांच्या चित्रावर "निष्कलंक सेवा" असं टाकलंय, त्याने ते काढावं. माहीत नसेल तर विचारावं.

आज अब्बांना जाऊन वीस वर्षं झाली. मी चौथी शिकलेली बाई, मला फार लिहिता येत नाही. पण हे मीच लिहिणार.

अब्बा मुंबई पोलिसात बारा वर्षं. हवालदार.
मग बोटीने कुवेतला आले. पन्नासच्या दशकात. तिथल्या मीना अब्दुल्ला बंदराला एका कंपनीच्या गेटवर गार्ड लागले.

अम्मी रत्नागिरीकडे गावात, दोन पोरं घेऊन.
आठ वर्षं. अब्बा मधे कधीतरी सुट्टीवर, बाकी नुसती पत्रं.

मग गार्डांच्या जमादाराची जागा रिकामी झाली. आधीचा जमादार आपल्या माणसांना सावलीतली ड्यूटी द्यायचा, बाकीच्यांना उन्हातली. त्यावरून मारामारी झाली. गोरा साहेब वैतागला. म्हणाला, तुमचा जमादार तुम्हीच निवडा, नंतर माझ्याकडे रडत येऊ नका.

म्हणजे इलेक्शनच झालं की.

जमादाराला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळणार होतं. बायको-पोरांना आणायचे कागद कंपनी करून देणार होती.
अब्बांना जमादारी नको होती हो. अम्मी हवी होती. पण ते तोंडाने कोण सांगणार?

समोर उभा होता गफूर. गोड बोलणारा, फाडफाड इंग्रजी वाचणारा. आठवडाभर खोल्याखोल्यांतून सांगत फिरला, "पोलिसातून हाकललेला माणूस आहे तो. विचारा त्याला."

दाऊदचाचा अब्बांच्या खोलीत राहायचे. ही सगळी हकिकत आम्हाला त्यांनी सांगितली, अब्बांनी नाही. चाचांना ठाऊक होतं, अब्बांच्या ट्रंकेत सर्विस शीटची नक्कल आहे आणि तिच्यात एक ओळ लाल शाईने लिहिलीय. लाल म्हणजे शिक्षा.

चाचा म्हणाले, "ते पान चुलीत घाल. इथून कोण मुंबईला विचारायला जातोय?"
अब्बा म्हणाले, "मग उद्या गेटवर दुसऱ्याचे खिसे मी कुठल्या तोंडाने तपासू?"

जुम्म्याची नमाज झाली. सगळे मेसमध्ये बसले.
गफूरने उभं राहून विचारलं, "बारा वर्षांची सरकारी नोकरी कोण सोडतं? काय ते खरं सांग."

अब्बांनी कागद काढला आणि त्याच्याच हातात दिला.
"मी वाचलं तर म्हणशील गाळलं. तूच वाच."

गफूरने वरून खालपर्यंत नजर फिरवली. मग लाल ओळ मोठ्याने वाचली. परत हिंदीत सांगितली, कोणी सुटायला नको.
ड्यूटीवर झोपला. लॉकअपमधला आरोपी पळाला. एक वर्षाची पगारवाढ बंद.

"खरं आहे हे?" कोणीतरी विचारलं.
"खरं आहे. रमजान होता, डबल ड्यूटी होती. पाय दुखले म्हणून खुर्चीत बसलो. डोळा लागला."
"मग आरोपी सापडला?"
"नाही."
"म्हणून हाकललं?"
"हाकललं नाही. पुढे चार वर्षं केली, मग राजीनामा दिला. पण त्या दिवसापासून ड्यूटीवर बसत नाही."

मागून राजापूरचा म्हातारा भंडारी बोलला, मेसचं जेवण तोच करायचा.
"असं होय? आम्ही इतकी वर्षं समजत होतो ह्याला मूळव्याध आहे."

अख्खी मेस हसली. अब्बासुद्धा. कारण प्रत्येकाने रोज बघितलेलं. गेटच्या केबिनमध्ये खुर्ची होती, तिच्यावर अब्बांचा डबा बसायचा. अब्बा उभे. भर उन्हाळ्यात उभे.

हात वर करा म्हटल्यावर गफूरच्या खोलीतल्यांनीपण अब्बांसाठी केले.

अम्मी पोरांना घेऊन बोटीने आली. दाऊदचाचांनी कौतुकाने धक्क्यावरच सगळं सांगून टाकलं.
अम्मी खूश होईल असं वाटलेलं त्यांना.

"आठ वर्षं मी तिथे एकटी काढली," अम्मी अब्बांना म्हणाली, "आणि तुम्ही माझं येणं त्या माणसाच्या हातात दिलंत? हात वर झाले नसते तर?"
"तर अजून थांबावं लागलं असतं."
"मला विचारलंत?"

तीन दिवस अम्मीने चहा दिला, शब्द दिला नाही. बरोबरच केलं तिने.

त्याच दोन खोल्यांत पुढे माझा जन्म झाला.

ते शीट आता माझ्याकडे आहे, इथे कुवेतातच, जहऱ्याला. मला इंग्रजी येत नाही. लाल ओळ ठाऊक होती, बाकी सरकारी मजकूर असेल म्हणून कधी कोणाला दाखवलं नाही. काल माझी मुलगी आली. जाब्रियाच्या हॉस्पिटलात नर्स आहे. तिला म्हटलं, वाच.

तिने कागदावर वरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मम्मी, ओन्ली वन एन्ट्री नाहीये."

लाल ओळीच्या वर काळ्या शाईत नऊ ओळी आहेत.

जळत्या चाळीतून दोन मुलं बाहेर काढली, शाबासकी. दंग्यात जमावापुढे एकटा उभा राहिला, लाठी न उचलता लोक घरी पाठवले, शाबासकी. समुद्रात बुडणाऱ्याला ओढून आणलं, शाबासकी. अशा नऊ.

गफूरने त्या दिवशी नऊच्या नऊ गाळल्या.
आणि अब्बांना आपला कागद वाचण्याइतकं इंग्रजी येत होतं. समोर उभे राहून ऐकत होते. एक शब्द बोलले नाहीत. मेसमध्ये नाही, चाचांजवळ नाही, अम्मी तीन दिवस रुसली तेव्हासुद्धा नाही.

आधी मला राग आला. एवढं काय गप्प राहायचं?
मग मुलीला म्हटलं, परत वाच. तिने तीनदा वाचलं.

अब्बा, तुमच्या नऊ ओळी आम्हाला उशिरा कळल्या.
लेकीचा सलाम घ्या. अल्ला तुम्हाला जन्नत नसीब करो.