इस्त्रीच्या हातानं रंगवलेली गाडी

लॉन्ड्रीतल्या इस्त्रीच्या टेबलापाशी काकूंनी एकोणतीस वर्षं उभ्यानं काढली. मग मालकानं वाफेवर चालणारी मोठी यंत्रं आणली आणि दोन बायकांना हात जोडून घरी पाठवलं. त्यांतल्या एक काकू. पहिला आठवडा त्यांनी घरातले सगळे पडदे कडक केले, दुसऱ्या आठवड्यात शेजारणीचे, आणि तिसऱ्या आठवड्यात नवरा म्हणाला, "अगं, आता माझ्या रुमालांना तरी जरा श्वास घेऊ दे."

नवरा ड्रायव्हर. उभा जन्म दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, त्यातली बावीस वर्षं एका डॉक्टरांची गडद निळी गाडी. निवृत्त झाल्यावर त्यानं स्वतःची एक जुनी गाडी घेतली. इंजिन ठणठणीत होतं, पण रंगाचे पोपडे निघालेले, दारांवर गंजाचे डाग. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ती घरीच रंगवायची आणि रंग गडद निळाच द्यायचा, असा त्यानं चंग बांधला. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या म्हाताऱ्या पेंटरकडून त्यानं एक जादाचा कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन मागून आणली. पेंटर म्हणाला, "मी येतो दाखवायला." हा म्हणाला, "त्यात काय दाखवायचं?"

दोन दिवसांत बॉनेट रंगवून झालं. काकू चहा घेऊन गेल्या, तर नवरा पाटावर बसून बॉनेटकडे बघत होता. सगळा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत झाला होता आणि पुढच्या बाजूला रंगाचे चार ओघळ खाली आलेले. वर त्याचा उजवा खांदा असा आखडला होता, की हात खांद्याच्या वर जाईना.

"मला नाही जमायचं हे," तो म्हणाला. मग गाडीवर ताडपत्री टाकली आणि दोन दिवस तोंड फुगवून बसला. जेवताना सुद्धा तो शेडकडे पाठ करून बसायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी पायात चपला सरकवल्या आणि सरळ पेंटरचं घर गाठलं. पेंटर दारात बसून पेपर वाचत होता.

"भाऊ, मला शिकवाल का?"

पेंटरनं चष्म्यावरून पाहिलं. "वहिनी, गडद रंग आहे. फिकट रंग चार चुका पोटात घालतो, गडद सगळ्या चव्हाट्यावर मांडतो."

"कळलं. शिकवाल का?"

तो उठला. परसात भंगारातलं एक दार पडलं होतं, ते त्यानं भिंतीला टेकवून उभं केलं. पण गन काही हातात दिली नाही. आधी दिला पॉलिशपेपर, एक रबरी ठोकळा आणि पाण्याची बादली. चार दिवस काकूंनी ते दार नुसतं घासलं. पाणी मारायचं, घासायचं, डोळे मिटून तळवा फिरवायचा, आणि जिथं तळव्याला काही लागेल तिथं पुन्हा घासायचं. पाचव्या दिवशी पेंटरनं स्वतःचा हात फिरवला आणि आत जाऊन आपली दुसरी गन घेऊन आला.

"पत्र्यापासून एक वीत लांब. हात सरळ न्यायचा, मनगट वळवायचं नाही. पट्टा दाराच्या बाहेर सुरू करायचा, बाहेरच संपवायचा. दुसरा पट्टा पहिल्याच्या निम्म्यावर चढला पाहिजे."

पहिल्या पट्ट्याला काकू मध्येच थबकल्या, आपलं बरोबर चाललंय का ते बघायला. तेवढ्यात तिथं रंग साचला आणि ओघळ सुटला. काकूंनी गन खाली धरली आणि त्या ओघळाकडे बघत राहिल्या.

"म्हणजे इस्त्रीच की," त्या म्हणाल्या. "थांबलं की कापड जळतं, इथं रंग वाहतो. फार भरभर नेली की सुरकुती तशीच राहते."

"भरभर नेली की खरखरीत होतं," पेंटर म्हणाला. "तुमच्या यजमानांचं झालं ना, तसंच."

मग काकूंनी मध्ये थांबून बघायचं सोडून दिलं. एकोणतीस वर्षांत हजारो चादरींवर जो हात एकाच वेगानं गेला होता, तो तसाच दारावरून गेला. संध्याकाळपर्यंत दार ओल्या पाटीसारखं दिसू लागलं. पेंटर बराच वेळ त्यात आपलं तोंड बघत उभा राहिला.

घरी येऊन काकूंनी ताडपत्री ओढून काढली. नवरा दारात आला.

"काय करतेस?"

"तुमचं बॉनेट घासून काढतेय."

तो शेडमध्ये आला. मग स्टूल ओढून काकूंच्या शेजारी बसला आणि डाव्या हातानं खालची पट्टी घासू लागला. दोघं पंधरा दिवस घासत होते. गंज खरवडला, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, वर प्रायमर मारला, तो वाळला की पुन्हा घासला. खालची कामं त्याची, उंचावरची काकूंची. बोलणं फार नव्हतं, पण जेवताना आता तो शेडकडे तोंड करून बसत होता.

धूळ बसू नये म्हणून नवऱ्यानं जुन्या चादरी शेडभर टांगल्या. काकूंनी त्या लगेच उतरवल्या. "सुती कापडाचा बारीक कापूस उडतो. सगळा ओल्या रंगावर जाऊन बसेल. प्लास्टिक लावा." त्यानं मुकाट्यानं प्लास्टिक लावलं. वर मिश्कीलपणे विचारलं, "आणखी काही हुकूम, पेंटरबाई?"

रंग द्यायचा तो दिवस उजाडला. वारा पडलेला होता. काकूंनी जमिनीवर पाणी शिंपडलं, केस बांधून वर टोपी घातली आणि पेंटरनं दिलेला, वास अडवणारा मास्क लावला. नवऱ्यानं गाडी थिनरच्या फडक्यानं पुसली आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. पहिला हात अगदी पातळ, नुसता धुक्यासारखा. पंधरा मिनिटं थांबून दुसरा. मग तिसरा. शेवटी चमक आणणारा क्लिअर कोट.

क्लिअर कोटच्या वेळी गाडीच्या मागच्या दाराशी काकूंचा पाय कॉम्प्रेसरच्या पाइपात अडकला. हात क्षणभर रेंगाळला आणि दाराच्या खालच्या अंगाला एक लांब थेंब ओघळला. नवऱ्याला तो बाहेरून दिसला. तो फडकं घेऊन धावतच आत आला.

काकूंनी त्याचं मनगट धरलं. मास्क खाली ओढून म्हणाल्या, "हात लावू नका. ओल्यावर फडकं फिरवलं, की सगळं दार जाईल. वाळू दे."

"दिसतोय ना पण तो."

"दिसू दे. आठवडाभर दिसेल."

तो आठवडा नवऱ्याला फार जड गेला. रोज सकाळी उठून आधी तो ओघळ बघायचा. काकू मात्र निवांत होत्या. आठव्या दिवशी त्यांनी सर्वांत बारीक पॉलिशपेपर साबणाच्या पाण्यात भिजवला आणि तेवढीच जागा हलक्या हातानं सपाट केली. दाराचा तो भाग पांढरट झाला आणि नवऱ्याचा चेहराही. मग काकूंनी मलमासारखं घासायचं कंपाउंड लावून मऊ कापड गोल गोल फिरवलं. पांढरेपणा गेला. ओघळ कुठं होता, ते बोटानं सुद्धा सापडेना. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला.

पेंटर बघायला आला. त्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, गुडघ्यावर हात टेकून वाकला आणि कडेनं तिरपी नजर टाकली. छपराच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, "इथं जरा कोरडं पडलंय."

"माझा हात पुरला नाही तिथं," काकू म्हणाल्या.

"पुढच्या वेळी स्टुलावर उभ्या राहा." मग तो नवऱ्याकडे वळला. "माझ्याकडे शाळेच्या व्हॅनची दोन दारं आलीत. माझ्या डोळ्यांनी आता कडा दिसत नाहीत. वहिनींना पाठवशील?"

"मला काय विचारता?" नवरा म्हणाला. "तिला विचारा. ती काय माझं ऐकते?"

काकू हात पुसत होत्या. नखांच्या कडांना निळा रंग राहिला होता, तो त्यांनी तसाच राहू दिला.

"व्हॅनचा रंग कुठला?" त्यांनी विचारलं.

"पिवळा."

"मग सोपं जाईल," काकू म्हणाल्या. "सोमवारी येते."