लपाछपीला परवानगी

कुलूपवाला मुळातच भित्रा. चोरांना तो भ्यायचा नाही. चोरांनी कुलुपं फोडली तर याच्या घरची चूल पेटणार. तो भ्यायचा चुकायला. शुक्रवारी सूर्य मावळून शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस, लागला की शनिवारी आकाशात तारे दिसेपर्यंत हा माणूस घरात असा वावरायचा, जणू फरशीवर काचा सांडल्यात. दिवा लावायचा नाही, विझवायचा नाही, लिहायचं नाही, हत्याराला शिवायचं नाही, हे नियम शब्बाथ पाळणाऱ्या इतर ज्यू घरांतही असतात. याच्या घरात वर आणखी एक कलम होतं: शंका आली की नाही म्हणायचं.

सात वर्षांची नात राहायला आली आणि या कलमाची परीक्षाच सुरू झाली. लेक-जावई कामासाठी परगावी, म्हणून पोर आजीआजोबांकडे. शनिवारची दुपार तिला संपता संपायची नाही.

"आजोबा, चित्र काढू?"

"नाही."

"मातीचा हत्ती करू?"

"तेही नाही."

"मग मागच्या अंगणात चेंडू?"

"चेंडूने मातीत खड्डे पडतात, मग ते बुजवावेसे वाटतात. नको."

पत्त्यांना त्याने अडखळत होकार दिला, पण गुण लिहायला बंदी. आजीने तोडगा काढला. एक जाडजूड पुस्तक घेतलं. गुण मिळाले की खुणेचा दोरा पुढच्या पानावर सरकवायचा. तुकडे जोडून करायचं चित्र मात्र त्याने बाजूला ठेवलं. त्याबद्दल त्याला शंका होती.

"अहो, हा आनंदाचा दिवस ना?" आजी एकदा वैतागली. "पोरीला तो शिक्षेचा वाटायला लागलाय."

ते त्याला लागलं. म्हणून पुढच्या शनिवारी नातीने "लपाछपी?" असं विचारलं, तेव्हा त्याने मन लावून हरकत शोधली. लिहिणं नाही, बांधणं नाही, पेटवणं नाही. "खेळा," तो म्हणाला, आणि इतकं बरं वाटलं त्याला, की खुर्चीतच डुलकी लागली.

आजीच्या हाकांनी त्याला जाग आली. राज्य तिच्यावर होतं. पलंगाखाली पाहून झालं, पडद्यामागे, न्हाणीघरात, माळ्यावर.

"हरले गं बाई! ये बाहेर!"

उत्तर नाही.

"कुठे बसलीय कोण जाणे," आजी हसत म्हणाली. दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा हसू नव्हतं.

कुलूपवाल्याची नजर जिन्याकडे गेली. खाली त्याचं दुकान. रस्त्याकडचं शटर बंद, पण जिन्याकडच्या दाराची कडी काढलेली होती. तो धडपडत जिना उतरला, आजी मागोमाग. दुकानात काय उभं आहे हे त्यालाच ठाऊक होतं. किल्ली हरवलेलं एक लोखंडी कपाट, आगीतून कागदपत्रं वाचवणारं. दाराच्या चारही कडांना जाड पट्टी, आत हवा शिरायला फट म्हणून नाही. शुक्रवारी तासन्‌तास तारा फिरवून त्याने ते कसंबसं उघडलं होतं. आतले कप्पे काढून भिंतीला लावले, तोवर शब्बाथ लागायची वेळ झाली. उशीर होईल या भीतीने तो दार तसंच सताड उघडं टाकून वर आला होता. ते दार ओढलं की खटका आपोआप बसायचा.

दुकानात अंधार होता. चाचपडत तो पुढे गेला. कपाटाचं दार बंद होतं.

त्याने मूठ आपटली. आतून टकटक आली, बारीक, खालच्या बाजूने.

"आहे! आत आहे!" आजी किंचाळली. "उघडा!"

हत्यारं भिंतीवर टांगलेली होती, हाताच्या अंतरावर. त्याचा हात उठला आणि मध्येच थांबला. इतक्या वर्षांत शनिवारी तो हात तिथे गेलाच नव्हता. तोंडातून शब्द निघून गेले, "रब्बींना विचारून येऊ का?"

"विचारायला जाताय? ती श्वास कशाचा घेतेय आत!"

धर्मगुरूला विचारायची गरज नव्हती, आणि हे त्याला पाठ होतं. जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ बाजूला सरतो. पोर दाराआड कोंडलं असेल तर दार फोडावं, कोणाला विचारत बसू नये, हे त्याने लहानपणी घोकलं होतं. डोक्याला माहीत होतं. हातालाच कळत नव्हतं.

आतली टकटक पुन्हा आली. एकदाच, आणि दबकी.

त्याने दिवा लावला. ड्रिल उचललं.

"बाळा, खाली बस! डोकं गुडघ्यांत घाल!"

पहिल्यांदा ड्रिल पत्र्यावरून घसरलं आणि त्याच्याच अंगठ्याला चाटून गेलं. दुसऱ्यांदा त्याने अंगाचा सगळा भार दिला. लोखंडाचा कीस उडत होता. मध्ये एकदा त्याने कानोसा घेतला. आतून काही नाही. त्यानंतर तो थांबला नाही. ती शांतता पुन्हा ऐकायची त्याची छाती नव्हती. आजी जमिनीवर पालथी पडून बंद दाराशी काहीबाही बोलत होती.

खटका तुटला. दार उघडलं आणि पोर त्याच्या पायावर कोसळली. घामाने निथळलेली, ओठ पांढरेफटक, डोळे मिटलेले. त्याने तिला गदागदा हलवलं. तिने एक लांब श्वास ओढला, खोकली, आणि मग भोकाड पसरलं. इतका गोड आवाज त्याने जन्मात ऐकला नव्हता.

"हाक का नाही मारलीस गं?" आजीने तिला उराशी धरून विचारलं.

"आजोबा ओरडले असते," ती हुंदके देत म्हणाली. "शब्बाथला दुकानात जायचं नसतं ना."

कुलूपवाल्याने तिच्या कपाळाला चिकटलेले केस मागे सारले. अंगठ्यातून रक्त वाहत होतं, त्याचं त्याला भान नव्हतं.

समोरच्या डॉक्टरीणबाईंनी येऊन तपासलं. धोका टळला होता. दुकानातला दिवा त्याने विझवला नाही. लावणं जिवासाठी होतं, विझवणं नव्हे. तो तसाच जळत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सिनेगॉगमध्ये रब्बींपुढे उभा राहिला.

"ड्रिल चालवलंत त्याचं विचारताय?" रब्बी म्हणाले. "ते तर पुण्य केलंत."

"नाही. त्याच्या आधी थांबलो, त्याचं."

"माझी माफी मागून काय उपयोग?" रब्बी म्हणाले. "आत कोण होतं?"

घरी येऊन तो नातीसमोर जमिनीवर बसला. गुडघे कुरकुरले.

"काल मी दार उघडायला उशीर केला. घाबरलो होतो. चुकलं माझं."

तिने त्याच्या अंगठ्याच्या पट्टीला हळूच बोट लावलं.

"आणि ऐक. अडकलीस की हाक मारायची. शब्बाथ असो, काही असो. मी रागावणार असलो तरी."

"रागावाल?"

"रागावेन बहुतेक. पण आधी दार उघडेन."

कपाट त्याने त्याच दिवशी दार काढून मालकाकडे परत धाडलं. तरी पुढे कितीतरी आठवडे घरात कुठेही कडी वाजली की तो हातातलं काम टाकून बघायला जायचा. नात न्हाणीघरात गेली की तो बाहेर घुटमळत राहायचा आणि शेवटी न राहवून दारावर टिचकी मारायचा.

"आहे हो, आजोबा!" ती आतून ओरडायची. "अंघोळ करू द्या ना!"