जानेवारीतला नवरंग

हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही. माझं डोकं दुखायला लागलं की मी सांगायच्या आधी ते चहात आलं घालतात, इतके आम्ही जुने झालो — पण हे त्यांना ठाऊक नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि वासुदेवभाऊंनाही ओळखत नाही.

वासुदेवभाऊ आमचे भद्रावतीचे शेजारी. दोन्ही घरांच्या मागे सांदवाडी, म्हणजे पेरू-शेवग्याची, चार भाज्यांची परसबाग. मध्ये एक भिंत, आणि भिंतीला लागून माझ्या बाजूला बांबूचं बेट. निवृत्त झाल्यापासून भाऊंच्या गळ्यात दुर्बीण आली ती आंघोळीपुरतीच उतरायची. वसाहतीतल्या लोकांचा मोबाइलवर पक्ष्यांचा एक ग्रुप होता आणि त्याचे न्यायाधीश भाऊ. तुम्हाला पक्षी दिसला असं तुम्ही म्हणायचं. तो खरंच दिसला की नाही हे ते ठरवायचे.

पक्षी मलाही कळतात. मी धानोऱ्याकडची. लहानपणी तेंदूपत्ता तोडायला पहाटे जंगलात जायचो तेव्हा एकमेकींना नावाने हाक मारायची नाही असा दंडक होता. वाघ नाव ऐकतो आणि शिकून घेतो, म्हाताऱ्या म्हणायच्या. मग हाक कशी मारायची? शिट्टीने. आमच्या घरच्यांची शिट्टी नवरंग पक्ष्याची — दोनच सूर, पहिला वर चढणारा, दुसरा खाली उतरणारा. आई एका बाजूने घालायची, मी दुसऱ्या बाजूने उत्तर द्यायची. कधी मध्येच खरा नवरंग उत्तर द्यायचा आणि आई हसायची. लग्न होऊन इकडे आले आणि शिट्टी तोंडातच राहिली. सभ्य घरची बाई शिट्टी वाजवते का?

मूळ मुद्द्यावर येत नाही मी, कळतंय मला. येते.

एका जूनमध्ये भांडी घासताना बांबूखालच्या पाल्यात मला नवरंग दिसला. हिरवी पाठ, पोटाखाली लाल, डोळ्यावरून काळा पट्टा, आखूड शेपटी, पाला उलटत टुणटुण उड्या मारत होता. इतक्या वर्षांनी! माहेरचं माणूस दारात यावं तसं मला झालं. मी ग्रुपवर लिहिलं. संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर सगळे बसलेले असताना भाऊ म्हणाले, "बाई, तुमाले भरम झाला असन. नवरंग असा घरामागं येत नाई. खंड्या पाह्यला असन तुम्ही."

सगळे हसले. आमचे हेसुद्धा. मला खंड्या आणि नवरंग ओळखू येत नाही? मला? त्या दिवसापासून मी वसाहतीत नवरंगबाई झाले. भाजीवालासुद्धा म्हणायला लागला.

आणि आठवडाही उलटला नसेल, भाऊंनी ग्रुपवर फोटो टाकला. त्यांच्या सांदवाडीतला नवरंग, आपल्या वसाहतीतली पहिली नोंद, आणि खाली टाळ्यांची ही रांग. तोच पक्षी हो! भिंत तेवढी ओलांडून गेला होता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. मी भिंतीवरून म्हटलं, "भाऊ, मी सांगतलं होतं ना?" तर दुर्बीण पुसत म्हणाले, "तुम्ही सांगतलं होतं. पण मी पाह्यला ना."

किती साधं वाक्य. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी डूख धरला. लोक म्हणतात राग निवतो. माझा निवला नाही. मी त्याला रोज थोडं जळण घालत गेले.

पुढे काही वर्षांनी एका जानेवारीत पहाटे पाणी भरताना माझ्या तोंडून शिट्टी निघाली. उगाच, सवयीने. आणि भिंतीपलीकडे धाडकन दार उघडलं. भाऊ बनियनवर, दुर्बीण उलटी धरलेली, पेरूखाली जाऊन उभे राहिले. मी बांबूआड होते. मला हसू दाबता येईना.

आता हे नीट समजून घ्या. नवरंग आपल्याकडे पावसाळ्यापुरता. थंडीत तो दक्षिणेला जातो. हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, ग्रुपमधल्या शाळकरी पोरालाही माहीत होतं. म्हणूनच दुसऱ्या दिवशी मी पुन्हा शिट्टी वाजवली. ही शिट्टी तोंडून निघाली नव्हती, मी ठरवून घातली होती.

मग रोज. कधी पहाटे, कधी दिवेलागणीला. शेजारच्या पन्नाशीच्या बाईवर संशय कोण घेणार? भाऊंनी ग्रुपवर लिहिलं, नवरंग आहे, एखादा मागे राहून गेला असेल. कुणीतरी हसरं तोंड टाकलं. ते चिडले, पुन्हा लिहिलं. शाल गुंडाळून ते तासन्‌तास पेरूखाली खुर्ची टाकून बसायला लागले. त्याच्यासाठी त्यांनी पाला साचू दिला, ओला ठेवला, गांडुळं आणून सोडली. मी हे सगळं भिंतीवरून पाहत होते आणि मला चेव येत होता.

चंद्रपूरहून दोन पक्षीमित्र आले, मोठाले कॅमेरे घेऊन. त्या दिवशी माझ्या तोंडून चकार सूर निघाला नाही. उलट चहा नेऊन दिला. भाऊ त्यांना सांगत होते, "कालच बोलला ना! आज काऊन नाई बोलून राह्यला, कोण जाणे." त्यातला एक जण कपात बघत हसला. ते गेले आणि दिवेलागणीला मी परत शिट्टी घातली. भाऊ रस्त्यापर्यंत धावत गेले, पण गाडी निघून गेली होती.

इथेच थांबले असते तर? तर ती चेष्टा झाली असती. जरा जास्तच झाली, पण चेष्टा.

त्यांच्या घरात दुसरं कुणी नव्हतं. ग्रुपमधल्या कुणीतरी नागपूरला मुलाला कळवलं, की बाबांचं काही ठीक दिसत नाही. प्रशांत आला, दोन दिवस राहिला. ते दोन्ही दिवस मी गप्प. मग तो माझ्या दाराशी आला. भला पोरगा, डोळे जागरणाने लाल. म्हणाला, "काकू, तुमची सांदवाडी तर लागूनच आहे. तुमाले आयकू येते का हो काही?"

मी ओलं फडकं पिळत होते. मी म्हटलं, "नाई बाबा. मले तर कधीच काही आयकू नाई आलं. त्याईले आजकाल भरम होते."

त्यांचाच शब्द मी त्यांना परत दिला. उच्चारताना जिभेवर गुळासारखा लागला, हेही सांगते.

प्रशांतने त्यांना डॉक्टरकडे नेलं, मग नागपूरला फ्लॅटवर न्यायचं ठरवलं. जायच्या आदल्या दिवशी भाऊ भिंतीशी आले. दाढी वाढलेली, गळ्यात दुर्बीण नाही. हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही जंगलातल्या. तुमचे कान पक्के. एकदा तुमचं मी आयकलं नाई, चुकलंच माझं. पण खरं सांगा, तुमाले तरी आयकू आलं असन?"

त्यांनी चूक मान्य केली. इतकी वर्षं मला हेच तर हवं होतं ना? मिळालं. हातात पडलं. आणि मी म्हटलं, "नाई भाऊ."

त्यांनी मान हलवली. आत गेले. घर तेव्हापासून बंद आहे.

गेल्या वर्षी चंद्रपूरला एका लग्नात ते दिसले. मांडवाबाहेर आंब्यावर कोकीळ ओरडत होता, कान किटावेत इतका. जेवणारे सगळे वर बघत होते. भाऊंनी वर पाहिलं नाही. त्यांनी आधी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. तिने हसून मान डोलावली, "हो बाबा, आहे," तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली. सून मला म्हणाली, आता असंच करतात — कुकरची शिट्टी झाली, दाराची बेल वाजली, तरी आधी विचारतात, वाजलं का काही?

ते माझ्यापासून दोन हातांवर होते. एक वाक्य पुरलं असतं. नाहीतर वाक्याचीही गरज नव्हती, ओठ गोल करायचे होते फक्त. मी म्हटलं, "बरे आहात ना भाऊ?" आणि पानावर जाऊन बसले. जेवण गोड लागलं. खोटं कशाला बोलू — सुनेच्या तोंडाकडे बघताना त्यांना पाहिलं तेव्हा मला त्यांची कीव आली, आणि त्याच वेळी आत कुठेतरी गारही वाटलं.

प्रशांतचा नंबर माझ्याजवळ आहे. मी तो लावलेला नाही.